यंत्र डोंगराच्या कोणत्या बाजूला होतं

दरेकशाच्या डोंगरातल्या या प्रवासाचं वर्णन मी पूर्वी एकदा केलं आहे. ते एका मासिकात छापून आलं आणि बऱ्याच जणांना आवडलं. त्यातला भात खरा होता, डोंगर खरे होते, माझ्या धोतराला पडलेली भोकंही खरी होती. खोटं होतं ते एक वाक्य: ‘आमच्या मित्राची योजना कागदावर सुरेख होती, पण डोंगर तिला पुरा पडला नाही.’

डोंगर पुरा पडला होता. हे ज्याला सांगायला हवं होतं तो वामन आता नाही. त्याची थोरली बहीण आहे, आम्ही सगळे तिला ताई म्हणायचो. तिची मुलं, नातवंडं आहेत. तेव्हा तोच प्रवास पुन्हा लिहितो. माझं वय आता असं आहे की लोक माझी कीव करतील, रागावणार नाहीत. तो लाभसुद्धा मला नको होता, पण उशीर केल्यावर जे मिळेल ते घ्यावं लागतं.

गोंदिया

दुसरी मोठी लढाई लागल्यावर सरकारने आम्हा हौशी रेडिओवाल्यांची यंत्रं जमा करून घेतली. ही गोष्ट त्याच्या आधीची, दिवाळीनंतरची. मी पुण्याचा, नागपूरला कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत नोकरीला होतो. वामन तिथेच शाळेत गणित शिकवायचा. दोघांकडे परवाना होता, दोघांना एकच वेड. फरक एवढाच की मला बोलायचं वेड होतं आणि वामनला ऐकायचं.

या खेपेला वेडाला कारण होतं. ताईचे यजमान सदाशिवराव एका लाकडाच्या ठेकेदाराकडे हिशेबनीस होते. दिवाळी झाली की त्यांना दरेकशाच्या पलीकडच्या रानात, तोडीच्या तळावर राहावं लागे. तिथे हिवतापाने दरसाल माणसं मरत आणि बाहेर कळायचं तेव्हा त्यांचं तेरावंही उरकलेलं असे. ताई दरवर्षी नवऱ्याचा डबा भरताना रडायची. वामनने तिला शब्द दिला, ‘यंदा भाऊजी रानातून बोलावतील आणि आम्ही ऐकू.’

योजना अशी होती. सदाशिवरावांजवळ एक लहानसं बॅटरीवरचं यंत्र; मॉर्सची टिकटिक वामनने त्यांना शिकवली होती. त्याचा आवाज दुबळा, कसाबसा पाच-सहा कोस जाणारा. मध्ये एका गावी आम्ही दोघांनी बसायचं. वामनने रिसीव्हरवर तो दुबळा आवाज पकडायचा, आणि मी तोच मजकूर मोठ्या ट्रान्समीटरवरून गोंदियाला पुढे पाठवायचा. गोंदियाला डॉक्टर होता, औषधं होती, आणि आमचे मिश्राजी होते.

मिश्राजी रेल्वेच्या तारखात्यातून निवृत्त झालेले. भाताच्या गिरण्यांमागच्या गल्लीत राहायचे. गोंदियाला उतरलं की आधी कोंड्याची धूळ नाकात जाते, मग कानात गिरण्यांची घरघर. मराठी मात्र शोधावी लागते. टांगेवाला हिंदी, पानवाला हिंदी, ओसरीत बिड्या वळणाऱ्या बायासुद्धा एकमेकींना हिंदीत टोमणे मारत होत्या. मिश्राजींनी दारातच माझ्या हातातली पेटी धरली.

“आइए पुनावाले! सुना है आप बोलते बहुत हैं।”

“कोण म्हणालं?”

“वामनबाबू। और किसको फुरसत है आपको सुनने की?”

वामन हसला. त्याला मोठ्याने हसता येत नसे, खांदे हलायचे फक्त. मिश्राजींच्या घरी आम्ही पुरी आणि बटाट्याची रस्सेदार भाजी खाल्ली, वर इतका गोड चहा की दात शिवशिवले. निघताना ते गंभीर झाले. “दोपहर का टाइम मेरा पक्का। डब्बा खुला रहेगा। बस आप लोग उधर से भेजिए।” त्या माणसाने शब्द अगदी पाळला.

हरदीटोला

पॅसेंजरने दरेकशाला उतरलो. गोंदियापासूनची सपाट धानाची शेतं सालेकशानंतर एकदम आटपतात, दोन्ही बाजूंनी रान चढत जातं, आणि गाडी धापा टाकायला लागते. स्टेशनावर आमच्यासाठी बैलगाडी उभी होती. गाडीवान सुकलू, चाळिशीचा गोंड माणूस, गावाच्या मालगुजाराकडे, म्हणजे जमीनदाराकडे, कामाला. आमच्या पेट्या उचलताना त्याने एकच प्रश्न विचारला, “यात जिवंत काई हाये का जी?” नाही म्हटल्यावर त्याने पेट्या गाडीत नीट रचल्या आणि पुढे तीन तास एक अक्षर बोलला नाही.

खिंडीच्या चढावर मोटारीची एक बॅटरी कलंडली. तिच्यातलं आम्ल माझ्या धोतरावर सांडलं. गावात पोचेपर्यंत मागच्या बाजूला अशी भोकं पडली होती की मी गाडीतून उतरायलाच तयार नव्हतो. वामनने स्वतःचं उपरणं सोडून माझ्या कमरेला बांधलं. “आता उतर. पुण्याची अब्रू झाकली.”

हरदीटोला डोंगराच्या पूर्वेला, खोलगटात वसलेलं. घरं पाचपन्नास, भोवती धान कापणीला आलेलं, आणि कडेला मोहाची मोठी झाडं. आम्ही उतरलो ते लखाजी मालगुजारांकडे. पोवार माणूस, उंच, कानात बाळी, आवाज असा की समोरच्यालाही डोंगरावरून हाक मारतोय असं वाटावं. आमच्याकडे पाहुणा आला की आधी ‘बसा’ म्हणतात आणि मग काय घेणार विचारतात. इथे विचारण्याची पद्धत नाही. पाय धुवून होईपर्यंत पाट मांडलेला असतो.

पहिल्याच जेवणात माझी परीक्षा झाली. चिन्नोर तांदळाचा भात, त्याचा वास ओसरीपर्यंत आलेला. लाखोळीच्या डाळीचं दाट वरण, तेलात तळलेले वडे, पोपटीच्या शेंगांची भाजी. मी दोनदा वाढून घेऊन हात आवरला. मालगुजारांच्या आई दाराआडून पाहत होत्या. त्या घरात त्यांना सगळे माय म्हणत.

“झालं काय?” त्या म्हणाल्या.

“हो माय. पोट भरलं.”

“पुन्याचे लोक भात खात नाई गा लखाजी, चाखतेत. वाढ त्याले. असा उपाशी परत गेला तं माय त्याची आपल्याले शिव्या देईन.”

पोळी कुठेच दिसेना. तिसऱ्या दिवशी मी हळूच विचारलं तेव्हा मायनी आजारी आहे का असं विचारलं. गव्हाची पोळी त्यांच्या लेखी पथ्याची वस्तू होती.

इतकं सुखाचं आदरातिथ्य मी आयुष्यात फार थोड्या घरी अनुभवलं. हे जुन्या लेखातही लिहिलं होतं. मी त्या आदरातिथ्याचं काय केलं ते पुढे येईलच.

डोंगराच्या दोन बाजू

हौशी रेडिओशी ज्यांचा संबंध नाही त्यांना एक गोष्ट समजावून सांगायला हवी, कारण सगळं त्यावरच उभं आहे. शेजारी नगारा वाजत असताना पलीकडच्या खोलीतली कुजबुज ऐकू येत नाही. रिसीव्हरचं तसंच आहे. जवळच मोठा ट्रान्समीटर चालू केला की रिसीव्हर बधिर होतो. दोघांच्या लहरी निरनिराळ्या ठेवल्या तरी फार फरक पडत नाही. जवळचा जोर इतका असतो की तो दार मोडून आत शिरतो. आणि गंमत अशी की गोंगाटही होत नाही. रिसीव्हरमध्ये नेहमी एक बारीकशी शूं अशी सरसर असते, ती बसते. ऐकणाऱ्याला वाटतं, सगळं शांत आहे, कोणी बोलावत नाही.

वामनने या एकाच अडचणीवर वर्षभर डोकं चालवलं होतं. मी म्हणायचो, आधी ऐक, मग मी पाठवतो, एका वेळी एकच. तो म्हणायचा, “आजारी माणूस आपली पाळी बघून बोलावतो का रे? तू गोंदियाशी बोलत असताना भाऊजींनी हाक मारली, तर?” त्याला दोन्ही यंत्रं एकाच वेळी चालायला हवी होती.

म्हणून त्याने रिसीव्हर तांब्याच्या पत्र्याच्या पेटीत बसवला. एरियलच्या तारेत कॉइल आणि कंडेन्सरचा एक ‘सापळा’ लावला, आमच्या ट्रान्समीटरची लहर नेमकी तिथे अडावी म्हणून. दोन्ही एरियल एकमेकींना काटकोनात ताणल्या. दोघांच्या बॅटऱ्या वेगळ्या. आणि या सगळ्यांहून मोठा उपाय म्हणजे डोंगर. रिसीव्हर गावाच्या वर, पूर्वेच्या उतारावर, राखणीच्या झोपडीत. ट्रान्समीटर खिंडीपलीकडे, पश्चिमेच्या उतारावर. गोंदियाला आवाज आकाशातून वळसा घेऊन पोचतो, त्याला डोंगराची आडकाठी नाही. शेजाऱ्याकडे मात्र तो जमिनीसरशी धावतो, आणि तिथे डोंगर आडवा पडलेला. दोन ठिकाणांना जोडणारी एक तार गावाच्या कडेने, खिंडीतून नेली. तिच्या दोन टोकांना जुन्या टेलिफोनची बोलायची-ऐकायची डबडी.

पहिले काही दिवस आम्ही जागा बदलून बदलून चाचणी घेतली. वामन झोपडीत कान लावून बसे आणि तारेवरून मला सांगे: “आता चालू कर... सरसर बसली. अजून खाली जा.” मी सुकलूबरोबर यंत्र घेऊन उतारावरून खाली सरकायचो. पुन्हा चालू. “बसली, पण थोडी.” पुन्हा खाली. शेवटी एका सागाच्या झाडाखाली त्याने मला थांबवलं. मी यंत्र पूर्ण जोरात चालू केलं आणि डबडं कानाला लावलं. बराच वेळ तो बोललाच नाही.

“वामन? मेलास की काय?”

“दत्तू, चालू आहे का रे?”

“केव्हाचं!”

“मला काहीही कळत नाहीये. सरसर जशीच्या तशी आहे. आता ते झाड सोडू नकोस. काही झालं तरी.”

त्याच दुपारी सदाशिवरावांची पहिली हाक आली. मी गोंदियाला पूर्ण जोरात पाठवत असतानाच वामनने त्यांची बारीक टिकटिक ऐकली आणि मला तारेवरून अक्षरं सांगितली. रानातून आलेला पहिला संदेश होता, ‘आज भात करपला.’ मिश्राजींनी गोंदियाहून उलट विचारलं, ‘किसका?’

त्या चार-पाच दिवसांत मला पहिल्यांदा कळलं की वामन किती मोठं काम करतो आहे. आणि कळल्याबरोबर मला ते खुपलंही. सगळे त्याचेच बेत, त्याचीच जागा, त्याचंच झाड. मी रोज खिंड चढून पलीकडे जायचं, रानात एकट्याने बसायचं आणि तो सांगेल ती अक्षरं बडवायची.

मंडई

दिवाळी झाल्यावर त्या भागात गावोगावी मंडई भरते. आमच्याकडच्या जत्रेला देव लागतो. मंडईला पाहुणे लागतात. लेकी-जावई, व्याही, लांबचे भाऊबंद त्या दिवशी येतात. घरी किती पाहुणे आले यावरून घराची पत ठरते. रानात कामाला गेलेले गडीही मंडईला आपापल्या गावी परततात. त्या दिवशी त्यांना कोणी अडवत नाही. सदाशिवरावांनी आदल्या दिवशी कळवलं होतं: ‘तळ रिकामा. मी आणि मुनशी.’ मुनशी म्हणजे तळावरचा म्हातारा कारकून, पायाने अधू.

लखाजींच्या अंगणात दुपारी दंडार व्हायची होती. ढोलकी, टाळ, पायांत घुंगरू बांधलेले नाचे, आणि मध्ये मध्ये सोंगं. लखाजींना वाटलं, ही दंडार यंत्रातून गोंदियाला ऐकवावी. मोठ्या यंत्राला मायक्रोफोनही जोडता येत असे. मी वामनला विचारलं. तो म्हणाला, “जरूर ऐकव. गाणेकऱ्यांना खिंडीपलीकडे ने, झाडाखाली गाऊ देत. माझ्या कानाला काही होत नाही.”

लखाजींना हे सांगितलं तेव्हा ते माझ्याकडे बघतच राहिले.

“पाहुने अंगनात, अन् दंडार डोंगरापल्याड? कोनासाठी? वांदरांसाठी?”

“यंत्र तिकडे आहे ना, मालगुजार.”

“मंग यंत्र आना इकडं. पायं त्यालेच नाई ना, गाडी हाये आमच्याजवर. व्याही बसले राहतीन तिथं. मी काय सांगू त्याहीले, आमच्या घरी रेडिओवाले उतरले अन् रेडिओ रानात हाये?” मग आवाज उतरवून, म्हणजे त्यांच्या मानाने उतरवून, ते म्हणाले, “बाबू, इतके दिवस आमचं मीठ खाल्लं. एक दिवस आमचं आयका.”

मला नाही म्हणता आलं असतं. वामनला बोलावून आणता आलं असतं. पण खरं सांगायचं तर मलाच ते हवं होतं. अंगणभर पाहुणे, मध्ये यंत्र, आणि यंत्राशी मी. रानात एकट्याने टिकटिक करण्याचा मला कंटाळा आला होता.

सुकलूला घेऊन मी सकाळी खिंडीपलीकडे गेलो. यंत्र गाडीत चढवताना तो थांबला. “वामनबाबूनं झाड सोडू नोका म्हनलं होतं जी.”

“मी सांगतोय ना?”

“तुमी सांगता तं ठीक.”

अंगणात दोन बांबू उभे करून एरियल ताणली. जोडाची तारही गावाच्या कडेला तोडून माझ्याजवळ आणली, म्हणजे वामन बोलला तर मी उत्तर देईन आणि त्याला कळणार नाही मी कुठे आहे. हे करताना माझे हात अगदी सराईतपणे चालले होते. यंत्र आणि त्याची झोपडी यांच्यामध्ये आता डोंगर नव्हता. मोहाची चार झाडं होती, तेवढ्याने एरियलचे बांबू त्याला दिसत नव्हते. ढोलक्या तर सबंध गावातच वाजत होत्या.

दंडार सुरू झाली. आणखी एक गोष्ट इथे सांगायला हवी. मॉर्समध्ये टिंब आणि रेघ यांच्या मध्ये फटी असतात. त्या फटींतून रिसीव्हर क्षणभर का होईना श्वास घेतो. आवाज पाठवताना फट नसते. यंत्र एकसारखं पेटलेलं राहतं. मी ते पूर्ण जोरात पेटवलं आणि लखाजींच्या व्याह्यांना पेटीवरचा काटा दाखवत उभा राहिलो.

काही वेळाने तारेवर वामनचा आवाज आला. मी डबडं कानाला धरून भिंतीकडे तोंड केलं.

“दत्तू, सरसर बसली आहे.”

“असं?”

“पार बसली. यंत्र झाडाखालीच आहे ना?”

माझ्या मागे माय कोणाला तरी सांगत होत्या, “हा पुन्याचा पोरगा हाये ना, याच्या बोटानं गाना गोंदियाले जाते.” सगळे माझ्याकडे बघत होते.

“झाडाखालीच,” मी म्हणालो.

“मग माझ्याकडे काहीतरी झालंय. सापळा तपासतो. तू बंद करू नकोस, चालूच ठेव. चालू असल्याशिवाय मला चूक सापडायची नाही.”

मी चालूच ठेवलं. त्यानेच सांगितलं होतं, असं मी पुढे किती तरी वर्षं स्वतःला सांगत आलो.

दंडार दिवस कलेपर्यंत चालली. झोपडीत वामन आपला चांगला, निर्दोष सापळा पुन्हा पुन्हा उघडत होता आणि जोडत होता. संध्याकाळी पाहुणे पंगतीला बसले. त्या गडबडीत मी सुकलूला यंत्र पुन्हा झाडाखाली नेऊन ठेवायला सांगितलं, तार जोडून टाकली. वामन दमून खाली आला तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. “यंत्र बंद झाल्यावर सरसर परत आली,” तो म्हणाला. “भाऊजी मात्र नाहीत. आज मंडई, बोलावलंच नसेल त्यांनी.”

गाडी

दुसऱ्या दिवशी सकाळी, मायनी कालच्या पंगतीतले वडे आमच्यापुढे ठेवले असताना, रानाच्या बाजूने एक गाडी आली. मंडईहून परतलेले दोन गडी ती पहाटेच घेऊन निघाले होते. गाडीत सदाशिवराव होते, तोंडावरून घोंगडी ओढलेले. मुनशी त्यांच्या पायाशी बसला होता.

ताप आदल्या सकाळीच डोक्यात चढला होता. त्यांच्याजवळ हिवतापावरच्या कोयनेलची बाटली होती. ती त्यांनी मंडईला निघालेल्या गड्यांना वाटून टाकली होती. वाटेत कोणाला हुडहुडी भरली तर असू दे म्हणून. दुसरी बाटली आमच्या ट्रंकेत होती. मालगुजारांची गाडी अंगणात होती. सांगावा मिळाला असता तर सुकलू अंधार पडायच्या आत तळावर पोचला असता.

मुनशी छत्तीसगडचा. तो वामनला सांगत होता, आणि वामन त्याच्यासमोर उकिडवा बसून ऐकत होता.

“बाबू मंझनिया भर टिक-टिक करत रिहिस. हाथ कांपत रिहिस, तभो ले करत रिहिस. मैं कहेंव, छोड़ दे बाबू, कोनो सुनत नइ हे. त मोला कहिस, नइ मुनशी, वामन सुनत होही.”

दुपारभर टिकटिक करत होते. हात कापत होते तरी करत होते. म्हणाले, वामन ऐकत असेल.

वामनने मुनशीला पुन्हा विचारलं, “दुपारी? नक्की दुपारी?” मुनशीने मान हलवली. वामन उठून विहिरीपाशी गेला आणि तिथे कठड्याला धरून उभा राहिला.

लखाजी माझ्याजवळ आले. त्यांचा आवाज इतका हळू होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. “बाबू, काल यंत्र इथं होतं म्हून काई झालं का?”

“नाही,” मी म्हणालो. “त्याचा याच्याशी काही संबंध नाही.”

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. ते अडाणी नव्हते. “मंग आमीबी काई बोलत नाई,” ते म्हणाले, आणि सरणासाठी लाकडं काढायला गड्यांना हाका मारू लागले.

सदाशिवरावांना तिथेच नाल्याच्या काठी अग्नी दिला. वामनने दिला. त्या घरात त्या दिवशी चूल पेटली नाही. मायनी माझ्या हातावर गूळ ठेवला आणि म्हणाल्या, “खाय गा. चाखू नोको, खाय.”

गोंदियाचा फलाट

नागपूरच्या गाडीला वेळ होता. मिश्राजी आम्हाला शोधत फलाटावर आले ते लांबूनच हात पसरून.

“वाह दत्तूबाबू! गाना तो ऐसा साफ आया जैसे बगल में बैठ के गा रहे हों! पूरी गल्ली सुन रही थी। ढोलक, घुँघरू, सब!” मग त्यांना वामनचं डोकं दिसलं. त्याने केस काढले होते. मिश्राजींचे हात खाली आले. मी त्यांना बाजूला नेऊन सांगितलं. ते वामनच्या पाठीवरून हात फिरवून, आमच्यासाठी चहा सांगून गेले.

आम्ही बाकावर बसलो. वामन मातीचा पेला दोन्ही हातांत धरून होता.

“दत्तू,” तो म्हणाला, “ताईला काय सांगायचं ते मला ठरवायचं आहे. म्हणून एकदाच विचारतो. रागावू नकोस.”

“विचार.”

“मंडईच्या दुपारी यंत्र झाडाखालीच होतं? तू गाणेकऱ्यांना तिकडे नेलं होतंस?”

त्याने प्रश्न आरोप म्हणून विचारला नव्हता. तो हिशेब तपासत होता, शाळेतल्या मुलाचं गणित तपासावं तसा. मी त्या क्षणी खरं सांगितलं असतं तर ताईच्या घरी मी कायमचा मेलो असतो. नाही सांगितलं तर वामन मरणार होता. हे मला तेव्हा, त्या बाकावर, स्पष्ट दिसत होतं. नंतर सुचलेलं नाही.

“झाडाखालीच होतं,” मी म्हणालो. “गाणेकरी तिकडेच आले होते.”

त्याने पेला खाली ठेवला.

“मग डोंगर पुरला नाही,” तो म्हणाला. “चाचणीच्या वेळी मला वाटलं होतं पुरला. मी घाई केली. एकदा यंत्र बंद करून ऐक, असं मला सुचायला हवं होतं. मीच तुला चालू ठेव म्हणालो.” त्याने माझ्याकडे पाहिलं. “ताईला मी सांगेन की मला ऐकू आलं नाही. तू काही बोलू नकोस. तुझी बाजू चोख होती.”

त्याने नागपूरला जाऊन ताईला तसंच सांगितलं. ताईने त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याने रिसीव्हर मोडला, तांब्याची पेटी भांडीवाल्याला दिली, आणि दोन यंत्रं एकाच वेळी चालवण्याचा विषय पुन्हा कधी काढला नाही. पुढे लढाईनंतर हौशी लोकांना परवाने परत मिळू लागले तेव्हा मी त्याला विचारायला गेलो होतो. तो म्हणाला, “नको रे. माझा भरवसा नाही.” तो लेख मी त्या भेटीनंतरच्या वर्षी लिहिला आणि अंक त्याला पोस्टाने पाठवला. त्याने वाचून चांगला जमलाय असं कळवलं.

पण मला फलाट सांगायचा होता. गाडीचा धूर दिसायला लागला तसा वामन उठला. माझ्या धोतराकडे त्याचं लक्ष गेलं. दुसरं नव्हतंच, तेच भोकांचं मी नेसलो होतो आणि वरून काही बांधायचं विसरलो होतो. त्याने खांद्यावरचं उपरणं काढलं, सदाशिवरावांना अग्नी देताना तेच त्याच्या खांद्यावर होतं, आणि फलाटावरच्या लोकांसमोर, न बोलता, माझ्या कमरेभोवती गुंडाळून गाठ मारली.

मी त्याला ती मारू दिली.